गोबरगॅस वाड्यात, धूर वस्तीत

आमची माय पहाटे पाचला मालकाच्या वाड्यावर गोठा झाडायला जायची. दावणीला बारा-तेरा ढोरं होती. शेण उचलायचं, मुताची नाली धुवायची, वैरण टाकायची. याच्या बदल्यात वर्षाला ठरलेली ज्वारी, सणाला जुनं लुगडं आणि रोज एक टोपलं शेण मिळायचं. त्या शेणाच्या गोवऱ्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर थापलेल्या असायच्या. शेण फुकट मिळत होतं असं कुणी म्हणेल. फुकट काही नव्हतं, ती मजुरीच होती.

मी चौथीत असेन तेव्हा वाड्यात गोबरगॅस बसला. परसात गोल खड्डा खणला, त्यावर लोखंडी टाकी आली, स्वयंपाकघरात नळी गेली. आम्ही पोरं निळा जाळ बघायला दारात उभी राहिलो. दुसऱ्या दिवशी माय रिकामं टोपलं घेऊन घरी आली. मालकीणबाईंनी सांगितलं होतं, आता शेण द्यायचं नाही, टाकीला कमी पडतं. गोठा झाडायचं काम तेच राहिलं, ज्वारी तेवढीच राहिली. उलट आता शेण हौदात टाकून पाणी घालून कालवायचंही काम मायकडंच आलं. आमच्या चुलीत त्या वर्षीपासून तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचा काटा, जे सापडेल ते जळू लागलं. वाड्यातला धूर गेला आणि आमच्या घरातला वाढला.

पुढे मी नर्सिंगचा डिप्लोमा केला, अनेक वर्षं दवाखान्यात नोकरी केली, नंतर ती सोडून वस्त्यांमधल्या कामात आले. शिबिरांत गोबरगॅसवर भाषणं ऐकली. 'शेणातून सोनं', 'धूरमुक्त गाव' असं बरंच काही ऐकलं. त्या प्रत्येक वेळी मला मायचं रिकामं टोपलं आठवलं. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर गोबरगॅसबद्दल लिहिते आहे. हा विषय शेतीच्या पानावरचा आहे असं काहींना वाटेल. मला तो छातीचा आणि डोळ्यांचा विषय वाटतो.

दवाखान्यात रात्रपाळीला असताना हिवाळ्यात एक दृश्य नेहमीचं होतं. पंचावन्न-साठ वर्षांची बाई, खांदे वर चढलेले, ओठ निळसर, एकेक शब्दाला दम खाणारी. सोबत मुलगा किंवा सून. आम्ही वाफेचं औषध लावायचो, ऑक्सिजन लावायचो. डॉक्टर विचारायचे, बिडी ओढता का? मिश्री लावता का? बाई मान हलवून नाही म्हणायची. आणि ते खरं असायचं. तिनं जन्मात बिडी ओढली नव्हती, पण चाळीस वर्षं फुंकणीनं चूल फुंकली होती. तिच्या फुप्फुसाला कागदावर सीओपीडी असं नाव होतं. घरी त्याला 'दमा' म्हणतात. दोन्ही आजार सारखे नाहीत. दम्यात श्वासनळ्या आवळतात आणि औषधानं पुन्हा मोकळ्या होतात. धुरानं झालेल्या या आजारात जे फुप्फुस गेलं ते परत येत नाही, उरलेलं तेवढं सांभाळायचं असतं.

लाकडाचा, गोवरीचा, काडाचा जाळ पूर्ण जळत नाही, म्हणून धूर होतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो आणि डोळ्याला न दिसणारे बारीक कण असतात. ते कण इतके बारीक की नाकातले केस, घशातला ओलावा कशालाच अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाला जाऊन बसतात आणि तिथून रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलं की चोवीस तासांच्या सरासरीनं अशा कणांचं प्रमाण एक घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. बंद खोलीत चूल पेटली की हा आकडा शेकड्यांत जातो. त्याच संघटनेच्या अंदाजानं घरातल्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली, त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक लेकरं होती. गरोदर बाईच्या पोटातलं बाळ कमी वजनाचं होतं, रांगत्या लेकराला न्यूमोनिया होतो, म्हातारपणी लवकर मोतीबिंदू येतो, हृदयाचे आणि मेंदूच्या झटक्याचे आजार वाढतात. चुलीशेजारी झोळीत निजवलेलं लेकरू दिवसभरात किती धूर पितं, याचा कुणी हिशेब ठेवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, घरोघरी सिलिंडर आला की. आला. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्याही वस्तीत लाल टाक्या आल्या. पण वस्तीत जाऊन बघा. टाकीवर कापड झाकलेलं असतं, वर फुलदाणी ठेवलेली असते. चहाला, पाहुण्याला, पावसाच्या दिवशी गॅस. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. टाकी भरायची म्हणजे बाईची तीन-चार दिवसांची रोजंदारी जाते, आणि सोयाबीनची काढणी संपली की रोजंदारीच नसते. म्हणून ज्या गॅसला विकत आणावं लागत नाही तो गॅस आपल्याला हवा, हे म्हणणं बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की तो कशातून होतो आणि ते 'कशातून' आपल्याकडं आहे का.

हिशेब सोपा आहे. २५ किलो ओलं शेण आणि तेवढंच पाणी कालवून टाकीत सोडलं की साधारण १ घनमीटर गॅस होतो. हवा न लागता जंतू शेण कुजवतात, त्यातून गॅस निघतो. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन असतो, तोच जळतो. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण साडेतीन किलो लाकूड, किंवा बारा किलो गोवऱ्या, किंवा टाकीतला ४३० ग्रॅम गॅस. रोज एक घनमीटर गॅस होत असेल तर सव्वाचौदा किलोची टाकी ३३ दिवस पुरावी तसा तो पुरतो. पाच-सहा माणसांच्या घराला दोन घनमीटरचं संयंत्र लागतं. म्हणजे रोज ५० किलो शेण. आपल्याकडचं एक ढोर गोठ्यात साधारण दहा किलो शेण देतं. म्हणजे चार-पाच ढोरं पाहिजेत, ती बांधायला गोठा पाहिजे, टाकीला जागा पाहिजे आणि रोज चार बादल्या पाणी पाहिजे.

आपल्या वस्तीत चार ढोरं असलेली घरं बोटावर मोजावीत. शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, कुणाकडं एखादी म्हैस. शेळीच्या लेंड्या चालतात, पण त्या भिजवून, कुस्करून टाकाव्या लागतात, नाहीतर वर तरंगतात आणि साय धरते. आणि जमीन? ज्या गायरानावर आपल्या माणसांनी वर्षानुवर्षं कसून पोट भरलं, ते नावावर व्हावं म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय झाला, तरी आज कित्येकांच्या हातात सातबारा नाही. नावावर नसलेल्या जागेत कुणी पक्की टाकी बांधत नाही आणि बँकही कर्ज देत नाही. जे वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत राहतात त्यांना तर खड्डा खणायला अंगणच नाही.

पाण्याचं तर लातूरकरांना सांगायलाच नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. प्यायला पाणी नव्हतं तेव्हा शेण कालवायला कुठून आणायचं? आणि दुष्काळात नुसतं पाणीच जात नाही, ढोरंही जातात. वैरण संपली की हाळी-हंडरगुळीच्या बाजारात लाल कंधारी आणि देवणी जनावरं मिळेल त्या भावाला निघतात. ज्या वर्षी ढोरं विकली त्या वर्षी टाकी बंद पडते. एकदा बंद पडून आतलं शेण वाळलं, की टाकी पुन्हा सुरू करायला पुन्हा सगळं शेण भरावं लागतं. वाड्यातली आमच्या गावची टाकी अशीच बंद पडली. बैल गेले, ट्रॅक्टर आला, टाकीला गंज चढला. शेवटी तिच्यात कडबा भरून ठेवायचे. माय हसून म्हणायची, "बघ, आता शेण बी न्हाई आन् गॅस बी न्हाई."

देशात आजवर अशी पन्नास लाख छोटी संयंत्रं बसली, त्यातली नऊ लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. पण 'बसली' आणि 'चालू आहेत' यात फार अंतर आहे. ही योजना १९८१-८२ पासून केंद्र सरकार राबवतं. त्याआधी खादी ग्रामोद्योग आयोगानं जशभाई पटेल यांची तरंगत्या लोखंडी टाकीची रचना गावोगाव नेली. तिला गंज चढतो म्हणून पुढं विटांच्या घुमटाची संयंत्रं आली. १९८४ चं 'दीनबंधू' त्यातलंच, स्वस्त आणि गंज न चढणारं. पण घुमटाला एक केसाएवढी भेग पडली तरी गॅस निघून जातो, आणि असा घुमट बांधणारा गवंडी तालुक्यात शोधून सापडत नाही. संयंत्र बांधल्यावर अनुदान मिळतं, फोटो निघतो, आणि नंतर शेगडीची जाळी तुटली तरी दुरुस्तीला कोण येणार हे कुणालाच माहीत नसतं. हो, शेगडीही वेगळी लागते. सिलिंडरची शेगडी या गॅसवर नीट चालत नाही, कारण हा गॅस कमी दाबाचा आणि कमी उष्णतेचा असतो. हे न सांगितल्यामुळं कित्येक घरांनी 'गॅसच येत नाही' म्हणून टाकी सोडून दिली.

शेजारच्या नेपाळनं ही चूक ओळखली. तिथं १९९२ पासून डच संस्थेच्या मदतीनं कार्यक्रम सुरू झाला. बांधणाऱ्या कंपनीनं काही वर्षं दुरुस्तीची हमी द्यायची, तपासणीत खोट निघाली तर दंड भरायचा, असे नियम केले. गरीब देश, डोंगराळ, थंडीत गॅस कमी होतो, तरी लाखो घरांत तो चालला. आपल्या मराठवाड्यात तर ऊन भरपूर आहे. टाकीतल्या जंतूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते, फक्त पौष-माघात गॅस थोडा कमी होतो. निसर्ग आपल्या बाजूनं आहे. कमतरता गवंड्याची आणि दुरुस्तीची आहे. आपल्या आयटीआय झालेल्या पोरांनी हे काम शिकून घेतलं तर पोट भरेल असा धंदा आहे. कोकणात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकारानं सिंधुदुर्गात हजारो संयंत्रं उभी केली, ती जाऊन बघण्यासारखी आहेत.

आता दुसरी वाट. शेण नाही, पण माणसं तर आहेत. माणसाच्या मैल्यातूनही गॅस होतो. हे काही नवं नाही. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ सालीच मैल्यापासून गॅस काढला होता. ज्यांना समाजानं गावाबाहेर काढलं त्यांच्या संडासातून देशातला हा गॅस पहिल्यांदा निघाला, हे किती जणांना माहीत आहे?

मागच्या वर्षी वस्तीतल्या विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर मी हा विषय काढला. संडास आणि ढोराचं शेण एकाच टाकीला जोडलं तर दोन ढोरांच्या घरालाही भागेल, असं सांगत होते. एक आजोबा उठले. आमच्या वस्तीत त्यांच्या शब्दाला मान आहे. म्हणाले, "बाबासाहेबांनी मेलेली ढोरं वढायची सोडा म्हनून सांगितलं. आमी सोडली. उपाशी ऱ्हायलो पन सोडली. आता तू संडासाच्या गॅसवर भाकरी भाजा म्हनतीस?"

विहार एकदम शांत झालं. माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं, आणि शिकलेली बाई म्हणून त्यांना अडाणी ठरवण्याची माझी हिंमतही नव्हती आणि इच्छाही नव्हती. ते जे बोलले त्यामागं पिढ्यांचा हिशेब आहे. घाण कुणी उचलायची हे या देशात जातीनं ठरवलं, आणि ती उचलायला नकार देणं हीच आपली पहिली लढाई होती.

मी त्यांना देहूची गोष्ट सांगितली. पुण्याजवळचं तुकोबांचं देहू. तिथं १९६० च्या सुमारास डॉ. सु. वि. मापुस्कर सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले. जंत, जुलाब, कावीळ यांनी गाव बेजार होतं, कारण सगळे उघड्यावर जात. सुरुवातीला बांधलेले संडास पावसात टिकले नाहीत. लोक वैतागले. मग डॉक्टर अप्पासाहेब पटवर्धनांकडं गेले. कोकणातले हे गांधीवादी कार्यकर्ते. ब्राह्मण घरात जन्मून त्यांनी भंगीकाम स्वतः केलं, रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम मिळावं म्हणून उपोषण केलं, आणि कणकवलीच्या गोपुरीत संडास आणि गोबरगॅसचे प्रयोग केले. त्यांच्याकडून शिकून डॉ. मापुस्करांनी पुढं संडासाला जोडलेलं 'मलप्रभा' नावाचं संयंत्र तयार केलं. देहूत ते घरोघरच्या स्वयंपाकघरात जळू लागलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

या रचनेत संडासाच्या भांड्यातून मैला सरळ जमिनीखालच्या टाकीत जातो. कुणी तो उचलत नाही, ढवळत नाही, डोक्यावर नेत नाही. बाहेर येतो तो गॅस, आणि त्याच्या ज्योतीला मैला की शेण हे कळत नाही. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. मंग आधी पेठेतल्या घरात बसवा. त्यांनी त्याच्यावर पुरणपोळी केली की मला सांग."

लोक हसले, मीही हसले. पण त्यांचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलं. कारण सरकारी योजना आली की संडासाचा प्रयोग वस्तीत आणि शेणाचा प्रयोग वाड्यात, अशी वाटणी होऊ शकते. ती आपण मान्य करायची नाही. सार्वजनिक जागेपासून सुरुवात व्हावी: शाळा, वसतिगृह, बसस्थानक, जिथं सगळ्या जातींची माणसं जातात.

नर्स म्हणून एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. संडास जोडलेल्या टाकीतून बाहेर येणारी स्लरी शेणाच्या स्लरीसारखी हाताळायची नाही. टाकीत पुरेसे दिवस, दीड महिना तरी, मैला राहिला तर पुष्कळ रोगजंतू मरतात. पण जंतांची अंडी चिवट असतात. ती तळाच्या गाळात बसून राहतात. म्हणून ही स्लरी पालेभाजी, कोथिंबीर, गाजर अशा कच्च्या खायच्या पिकाला थेट घालू नये. कचऱ्याबरोबर खड्ड्यात कुजवून, वाळवून मग झाडांना किंवा उसाला घालावी. हातमोजे घालावेत, नंतर साबणानं हात धुवावेत. ज्या घरात संडासात फिनाईल, ॲसिड भरपूर ओतलं जातं त्या घरची टाकी बिघडते, कारण ते ॲसिड गॅस करणाऱ्या जंतूंनाही मारतं.

आणि याहून मोठी गोष्ट खड्ड्याची. ९ एप्रिल २०२४ ला अहमदनगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत गोबरगॅसची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. असे पाच जण मेले. एक वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधला होता म्हणून. आदल्या वर्षी मे महिन्यात आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गेले. दोन्हीकडं मारणारी वस्तू एकच. कुजणाऱ्या शेणातून, मैल्यातून हायड्रोजन सल्फाईड निघतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तर नाकाची वास घेण्याची ताकदच मरते. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे गॅस गेला. तो आत उतरतो आणि दोन-तीन श्वासांत कोसळतो. शिवाय कार्बन डायऑक्साईड जड असल्यानं तळाशी साचतो आणि ऑक्सिजन उरतच नाही.

म्हणून, बायांनो आणि बाप्यांनो, टाकीत, स्लरीच्या खड्ड्यात, शोषखड्ड्यात कुणीही उतरायचं नाही. पेटती काडी सोडून बघणं, कोंबडी सोडून बघणं हे प्रकारही नकोत, काडीनं स्फोट होतो. कुणी आत पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. वरून दोर, शिडी, बांबू टाका, अग्निशमन दलाला बोलवा. बाहेर काढलेल्याला मोकळ्या हवेत आडवं करा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. अशा मृत्यूच्या नुकसानभरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. चार-पाचशे रुपये जास्त देतो म्हणून कुणी आपल्या पोराला टाकीत उतरायला सांगितलं तर हा कायदा त्याला वाचून दाखवा.

आता मिळण्यासारखं काय आहे ते बघू. ज्यांच्याकडं दोन-तीन ढोरं आणि थोडी जागा आहे त्यांनी एक-दोन घनमीटरचं संयंत्र जरूर करावं. पंचायत समितीच्या कृषी विभागात अर्ज मिळतो. अनुदान आकारमानावर ठरतं. काही वर्षांपूर्वीच्या दरात दोन ते सहा घनमीटरला सर्वसाधारण गटाला १२,००० आणि अनुसूचित जाती-जमातींना १३,००० रुपये होते, संडास जोडला तर १,६०० वेगळे. हजार रुपयांचा फरक! दर बदलत असतात, म्हणून यंदाचे दर लेखी मागा. आपण जातीच्या रकान्यात बौद्ध लिहितो म्हणून कुणी परत पाठवलं तर सांगा, १९९० च्या केंद्रीय कायद्यानं बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना सवलती लागू आहेत, आणि तसा दाखला जोडा. खरी अडचण पुढं आहे. अनुदान संयंत्र बांधून, तपासणी झाल्यावर येतं. आधी विटा-सिमेंट-गवंड्याचे पैसे घरातून घालायचे. रोजंदारीवरच्या घरात ते कुठून येणार? इथं बचत गटानं आधी पैसे उभे करून अनुदान आल्यावर परत घेण्याची सोय केली तर काही घरं पुढं येतील. सावकाराकडं मात्र जाऊ नका. पाच टक्क्यांनी काढलेल्या कर्जावरचा गॅस सिलिंडरहून महाग पडतो.

शेण नाही, जागा आहे, आणि जवळ खाणावळ किंवा मंगल कार्यालय आहे, अशा ठिकाणी उरलेल्या अन्नाचं संयंत्र चालतं. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, शिळं अन्न, खराब धान्य, पीठ यांवर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं. त्यासाठी संस्थेला २००६ साली परदेशातला ॲशडेन पुरस्कार मिळाला. अन्नात शेणाच्या मानानं गॅस खूप जास्त असतो, म्हणून थोडकं अन्न पुरतं. आपल्या समाजकल्याणच्या वसतिगृहांत आणि निवासी शाळांत रोज किती भात, किती भाज्यांची देठं उकिरड्यावर जातात! तिथल्या मेसला असं संयंत्र आणि त्याला पोरांचे संडास जोडले तर स्वयंपाकाच्या बाईचा निम्मा धूर तरी कमी होईल. हे पालक सभेत विचारता येतं.

गावासाठीही पैसा आहे. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात 'गोबरधन' नावाखाली जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत निधीची तरतूद झाली. सामुदायिक संयंत्राबद्दल ग्रामसभेत विचारा: जागा कुठली, गॅसची नळी कुठल्या गल्लीत जाणार, चालवणाऱ्याला पगार कोण देणार. आणि एक प्रश्न विसरू नका: शेण कुणाचं घेणार आणि त्याचा भाव किती. गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या जकरियापुरा गावात बायकांनी घरोघरी छोटी संयंत्रं बसवून स्लरी विकायची सहकारी संस्था केली. शेण उचलणाऱ्या बाईलाच तिथं स्लरीचे पैसे मिळतात. आमच्या मायला टोपलंभर शेण द्यायचं बंद झालं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. उद्या मोठे कारखाने गावातलं शेण ट्रॉलीनं उचलू लागले, तर रानातलं पोवटं वेचून गोवऱ्या थापणाऱ्या म्हातारीचं काय, हे ग्रामसभेच्या ठरावात यायला हवं.

तोवर धूर थांबत नाही. म्हणून चूल शक्य तर ओसरीत, बाहेर आणा. घरातच असेल तर चुलीच्या वर कौल किंवा पत्रा काढून धुराला वाट करा, समोरासमोर खिडकी ठेवा. ओलं जळतन जाळू नका, प्लास्टिकची पिशवी पेटवायला वापरू नका, तिचा धूर फार विषारी. स्वयंपाक होईपर्यंत लेकराला दुसऱ्या खोलीत नाहीतर शेजारणीकडं ठेवा. डाळ आधी भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा. टाकीतला गॅस कमीच असेल तर तो धुराचा जास्त त्रास असलेल्या बाईसाठी राखा: गरोदर सून, दम लागणारी सासू. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकी तपासून घ्या, धुराचाच असेल असं धरून बसू नका, टीबीही असू शकतो. लेकराची छाती श्वास घेताना आत ओढली जात असेल, तर रात्र असो की पाऊस, त्याच वेळी दवाखान्यात न्या.

आमच्या वस्तीत एका घरी यंदा दोन गाई आणि संडास मिळून एक संयंत्र झालं. घरातल्या सुनेनंच हट्ट धरला. गवंडी बाहेरच्या तालुक्यातून आणावा लागला. पहिला गॅस यायला दीड महिना लागला, तोवर शेजारपाजार रोज विचारायचा. ते आजोबा चहाला बोलावलं तेव्हा गेले. शेगडी बघितली, कप हातात घेतला, चहा प्यायले, काही बोलले नाहीत. उठून मागं गेले आणि स्लरीच्या खड्ड्यावरचा पत्रा हलवून बघितला. पत्रा सैल होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवानं दोन मोठे धोंडे आणून त्यावर ठेवले. सिमेंटचं झाकण पुढच्या आठवड्यात बसणार आहे.